उजव्या पायातला गियर

आमच्या बाबांना हल्ली आईची हाक ऐकू येत नाही. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर चौतीस वर्षं काढली त्यांनी. कानाच्या डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं होतं, कारखान्याच्या गोंगाटानं आधी बारीक, उंच आवाज जातात. दारावरची बेल, चमचा पडल्याचा आवाज, बायकापोरांचं बोलणं. जाड, खर्जातले आवाज त्या मानानं बरेच दिवस टिकतात. म्हणून बेल वाजली तरी बाबा पेपरातून मान वर काढत नाहीत, पण संध्याकाळी मी अनगोळच्या कोपऱ्यावर वळले की आईच्या आधी त्यांना कळायचं. "आली बघ, चहा ठेव," असं ते आत ओरडून सांगायचे.

कोपऱ्यावरून त्यांना कळायची ती गाडी. १९९१ ची बुलेट, साडेतीनशे सीसी, सिलिंडरचा ब्लॉक बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, उजव्या पायात गियर असलेली. अकरा वर्षं मी ती चालवली. पिरनवाडीच्या फाट्यावरून जांबोटीच्या रस्त्याला लागायचं, शाळा करायची आणि परत यायचं. यंदा तिच्या नोंदणीची मुदत संपत होती. पंधरा वर्षं झाली तेव्हा २००६ ला पहिल्यांदा नूतनीकरण केलं, मग दर पाच वर्षांनी, २०११, २०१६, २०२१. दर वेळी घरात तोच विषय निघायचा आणि दर वेळी आम्ही फी भरून मोकळे व्हायचो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकीची ही फी २००० रुपये झाली. तरी ती काही आम्हाला जड नव्हती. या वेळी विषय मीच काढला. हीच ठेवायची, की हिचीच आजची पिढी घ्यायची?

दोन्ही ठेवा की, असं भेटेल तो सुचवत होता. नवी गाडी दोन लाखांच्या घरात, आमच्या बोळात एकच गाडी लावण्याइतकी जागा, आणि शाळेतल्या पगारावर चाललेलं घर. पण समजा, जागा आणि पैसा दोन्ही असतं, तरी मी ते केलं नसतं. दोन गाड्या झाल्या की जुनी उभी राहते. उभी राहिलेली बुलेट झोपत नाही, मरायला लागते. कार्बुरेटरमध्ये पेट्रोल वाळून चिकटा होतो, बॅटरी बसते, ऑइल सील कडक होऊन तडकतात. रविवारी धुऊन पुसून पोरांना दाखवायची वस्तू म्हणून मला ती नको होती.

बीड म्हणजे काय हे बेळगाव-कोल्हापूरकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. इकडं उद्यमबाग, तिकडं कोल्हापूरचं उद्यमनगर. दोन्हीकडं घरटी कुणी ना कुणी फौंड्रीत, नाहीतर मशीन शॉपमध्ये. आमच्या गल्लीत लहानपणी पोरं वाळूत किल्ले करायची ती फौंड्रीतून टाकून दिलेली काळी वाळू. बुलेटचं हेड ॲल्युमिनियमचं, पण ब्लॉक बीडाचा, आणि बाबांना सगळं कौतुक त्या ब्लॉकचं. ते म्हणायचे, "लेथचा बेड बीडाचाच का करतात, सांग. बीड थरथर गिळतंय." बिडात ग्राफाइटच्या बारीक पाकळ्या विखुरलेल्या असतात. त्या कंप शोषून घेतात, आणि घासणाऱ्या पृष्ठभागाला थोडं वंगणही पुरवतात. त्या पाकळ्यांमुळेच लेथवर बीड वेगळं निघतं. पोलादाची साल स्प्रिंगसारखी गुंडाळत येते, बिडाची नुसती काळी पूड पडते. ती पूड बाबांच्या हातांच्या रेषांत कायमची बसली. साबण, रॉकेल, लिंबू, कशानं जायची नाही. सगळ्यांच्या वडिलांचे हात असेच असतात, असं मी किती तरी दिवस समजत होते.

२००३ च्या उन्हाळ्यात नेसरीहून येताना पिस्टन जाम झाला. बाबांनी मालकांची परवानगी काढून एका रविवारी कारखान्यातच ब्लॉक बोअर केला. मी अठरा वर्षांची होते, डबा घेऊन गेले होते, आणि डबा तसाच राहिला. मुळात या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, सत्तर मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, नव्वद. सिलिंडर झिजला की तो थोडा मोठा करून मोठा पिस्टन घालायचा. वीस, मग चाळीस, मग साठ. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागाचे. मिस्त्री नुसतं "चाळीसवर आलीय" म्हणतात आणि सगळ्यांना कळतं. बाबांनी बोअर करून झाल्यावर गेज हातात घेतलं आणि तसंच खाली ठेवलं. "गरम हाय अजून. गरम बीड खोटं बोलतंय." मग आम्ही दोघं पाऊण तास शेडच्या दारात बसलो. ब्लॉक निवला, मापात बसला, मग होनिंग, म्हणजे आतून बारीक घासणं. शेवटी त्यांनी माझा हात धरून बोट सिलिंडरमध्ये फिरवलं. आरशासारखं गुळगुळीत असेल अशी माझी समजूत. पण आत बारीक तिरप्या रेघा होत्या, एकमेकींना छेदणाऱ्या. "लागालंय? या रेघांत तेल राहतंय. गुळगुळीत केलं की सुकं घासणार."

गाडी शिकवायच्या आधी त्यांनी मला ते बोट फिरवायला लावलं, हे मला नंतर लक्षात आलं.

किक मारणं हे तर एक वेगळंच शिक्षण होतं. लोक म्हणतात ताकद लागते. ताकद लावणाऱ्याचा पाय मोडतो, कारण ठिणगीचं टायमिंग पुढं असेल तर किक उलटी येते आणि घोट्यावर बसते. किल्ली फिरवायची. किक हळूहळू दाबत न्यायची. हेडलाइटच्या वरच्या अँमीटरचा काटा उणेकडं कलतो, परत मध्यावर येतो, आणि पायाखाली किक घट्ट होते. तिथं थांबायचं. डाव्या हाताची डीकॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडायची छोटी लिव्हर ओढायची, सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येतो, किक बोटभर पुढं सरकवायची. लिव्हर सोडायची, किक वर येऊ द्यायची, आणि मग अंगाचं सगळं वजन एकदाच खाली. ठक्... ठक्... ठक्. स्ट्रोक लांब, फ्लायव्हील जड, त्यामुळे उभी असताना दोन ठोक्यांच्या मध्ये माणसाला श्वास घेता येईल एवढी फट असते. फटफटी हा शब्द ज्यानं कुणी पहिल्यांदा उच्चारला असेल, त्यानं असंच काहीतरी ऐकलं असणार.

पहिला गियर वर, बाकीचे तीन खाली, सगळं उजव्या पायात. ब्रेक डाव्या पायात. गियरबॉक्सवर आणखी एक छोटी लिव्हर असते, तिला टाचेनं दाबलं की गाडी वरच्या कुठल्याही गियरमधून थेट न्यूट्रलला येते. सिग्नलला मी टाच टेकवायचे आणि शेजारचा रिक्षावाला डोळे मोठे करून बघायचा. ही सोय नव्या कुठल्याच गाडीत मला दिसली नाही, आणि ती काढायला नको होती असं माझं आजही ठाम मत आहे.

ही गाडी पहिल्यांदा घेतली ती मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांनी. त्यांच्याकडून १९९४ ला बाबांनी. बेळगावात लष्कराचं केंद्र आहे, त्यामुळे बुलेट इथं नवी नव्हती. पन्नासच्या दशकात सरकारनं सीमेवरच्या गस्तीसाठी लष्कराला हीच साडेतीनशेची बुलेट निवडली. तेवढ्यासाठी १९५५ मध्ये रेडिचची इंग्लिश कंपनी रॉयल एन्फील्ड आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून मद्रासला ती जुळवायला सुरुवात केली. तिकडं इंग्लंडमधली कंपनी १९७० च्या सुमारास संपली, इकडं मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला तीच गाडी जवळजवळ तशीच निघत राहिली. आमच्या टाकीवर नुसतं "एन्फील्ड" आहे. "रॉयल" परत आलं ते आयशरनं १९९४ मध्ये कंपनी पूर्ण हाती घेतल्यानंतरच्या काळात. बीडाचा ब्लॉक गेला २०१० च्या आसपास. इंजिन आणि गियरबॉक्स एकाच आवरणात आले, गियर डाव्या पायात गेला, बटण आलं. आणि मग २०२० पासून आलं ते आजचं, थरथर कमी करणाऱ्या बॅलन्सर शाफ्टचं इंजिन. नव्या बुलेटमध्ये ते २०२३ च्या सप्टेंबरपासून आहे.

तर ती नवी गाडी मी चालवून बघितली. शोरूममधल्या मुलानं ती माझ्यासमोर बटण दाबून सुरू केली, आणि मी खाली वाकून किक शोधली. किक नाहीच. बोअर बहात्तर, स्ट्रोक ८५.८, म्हणजे ३४९ सीसी, जुनी ३४६. ताकद २० अश्वशक्तीच्या थोडी वर, जुनीची १८. कागदावर फारसा फरक नाही, उलट वजनाला नवी भारी, १९५ किलो. रस्त्यावर मात्र फरक पहिल्या शंभर मीटरमध्ये कळला. हँडल हातात स्थिर. आरशात मागची गाडी दिसते, जुनीच्या आरशात नुसता थरथरता रंग दिसायचा. मच्छे गावाच्या पुढं सत्तरवर नेली आणि माझे दात एकमेकांवर वाजत नव्हते.

पिरनवाडीला एक म्हैस आडवी आली. मी डावा पाय दाबला. डाव्या पायात गियर. गाडी खालच्या गियरला हिसका देऊन गेली, तोवर हातानं पुढचा ब्रेक ओढला गेला होता, आणि एबीएसनं लिव्हरला बारीक कडकड करत मला सरळ उभं केलं. म्हैस निघून गेली. मी बाजूला घेऊन बराच वेळ उभी राहिले. अकरा वर्षांत माझे पाय त्या गाडीचे झाले होते. आज एकीवर आणि उद्या दुसरीवर बसणं हे माझ्यासारखीनं करू नये, हे तिथं पक्कं कळलं. दोन्ही ठेवण्याचा प्रश्न म्हैशीनं सोडवला.

मी नव्या गाडीचा विचारही का करत होते, त्याला कारण गेल्या नोव्हेंबरची एक संध्याकाळ. आई मागं बसली होती. किणयेच्या पुढं अवेळी पाऊस झालेला, आणि धुकं उतरायला लागलेलं. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रस्त्यात उभा, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ऊस अंधारात दिसत नाही, तो अंधाराच्याच रंगाचा असतो. माझ्या दिव्याचा पिवळा उजेड त्याच्यावर पडला तेव्हा अंतर फार थोडं होतं. दोन्ही ड्रम ब्रेक ओले. ओल्या ड्रमला धरायला जो एक क्षण लागतो, तो मी पुरा मोजला. गाडी थांबली तेव्हा उसाचं एक वाढं माझ्या हेल्मेटच्या काचेला लागत होतं. आई घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, "तुझी पाठ किती घट्ट झाली होती गं."

ब्रेक तपासून घेतले. शू नवीन होते, ड्रमही ठीक होते. आमचे मेकॅनिक चाचा म्हणाले, यापेक्षा चांगले होणार नाहीत, हे एवढेच.

त्याच उसाची दुसरी बाजू मला या निवडीत सगळ्यात जास्त टोचली. आमच्या जिल्ह्यात ऊस, साखर कारखाने, आणि बऱ्याच कारखान्यांना इथेनॉलचे प्रकल्प जोडलेले. ६ फेब्रुवारी २०२३ ला बंगळुरात पंतप्रधानांनी वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची सुरुवात केली, आणि आता पंपावर तेच मिळतं. माझ्या मामांच्या रानातला ऊस कारखान्यात जातो, त्यांचं बिल वेळेवर निघायला या इथेनॉलचा हातभार लागतो. त्यांच्या घरच्या लग्नात मी नाचले आहे, त्या पैशाचं मोल मला ठाऊक आहे. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. जुन्या रबरी नळ्या फुगवतं. त्याच्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी आणि ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून कार्बुरेटर जुन्याच जेटवर, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या जुन्याच बारीक भोकावर, ठेवला तर मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन तापतं. नव्या गाडीचा सेन्सर ते ओळखून पेट्रोल वाढवतो. माझ्या गाडीला ओळखणार कोण? दोन वर्षांत तीन वेळा पेट्रोलची नळी बदलली, जेट मोठा केला, फ्लोटच्या भांड्यात पांढरट थर खरवडून काढला. बीडाचा ब्लॉक घामाघूम होऊन चढ चढायचा. आणि तो ब्लॉक आता साठवर आहे. याच्या पुढं बोअर करायला जागा नाही, आत लायनर, म्हणजे नवं अस्तर, घालावा लागेल.

एवढ्यानंतरही मी ती ठेवली असती. ब्रेक सांभाळून चालवली असती, पावसात एसटी पकडली असती. ठेवली नाही ती चाचांमुळे.

चाचांचं गॅरेज म्हणजे तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ पत्र्याची एक शेड. ते दखनीत बोलतात, गिऱ्हाईक मराठीत उत्तर देतं, बाजूचा वेल्डर कन्नडमध्ये मध्येच पडतो, आणि टॅपेट, प्लॅटिनम पॉइंट, क्लचप्लेट हे शब्द तिन्ही भाषांत तेच. "पैले आवाज सुनो, बाद में पाना निकालो," हा त्यांचा नियम. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाच्या हाडावर. बाबाही कारखान्यात बेअरिंग असंच ऐकायचे, म्हणून या दोघांचं पहिल्या दिवसापासून जमलं. तीस वर्षं हे दोघे एकाच गाडीला दोन बाजूंनी कान लावून बसले.

गेल्या दिवाळीनंतर मी टॅपेट लावून घ्यायला, म्हणजे व्हॉल्व्हची फट नीट करून घ्यायला गेले. सिलिंडरच्या पायथ्याशी उजवीकडं एक झाकण असतं, ते काढलं की व्हॉल्व्ह हलवणारे दोन पुशरॉड दिसतात. गार इंजिनात, पिस्टन वर आणून, रॉड दोन बोटांत धरून फिरवायचा. मोकळा फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. एवढंच. फीलर गेज नाही, आकडा नाही. बोटांनाच कळायला पाहिजे. चाचांनी रॉड धरला आणि त्यांची बोटं थरथरायला लागली. रॉड फिरतोय की बोटं हलतायत हे त्यांनाच कळेना. दोनदा प्रयत्न केला. मग फडक्याला हात पुसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "अब नै होता, बेटी."

त्यांचा एक मुलगा पुण्याला सीएनसीवर आहे, एक मोबाइल दुरुस्त करतो. दोघांनाही बुलेटमध्ये रस नाही, आणि त्यांच्यावर राग धरण्यासारखं त्यात काही नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर मला पहिल्यांदा नीट दिसलं की ही गाडी इतकी वर्षं चालली ती कशावर. आम्ही म्हणत होतो, जुन्या लोखंडात दम होता. दम होताच. पण लोखंड तेच असलेल्या किती तरी बुलेट या गावात पत्र्याखाली गंजत पडल्या आहेत. आमची चालली, कारण तिच्याभोवती बाबांचं गेज होतं, चाचांची बोटं होती, कोल्हापूरचा पार्टवाला होता जो फोनवर आवाज ऐकून कुठला बुश लागेल ते सांगायचा. नवी गाडी असं कुणाकडून काही मागत नाही. तिला शोरूम आणि लॅपटॉप पुरतो, आणि जांबोटीच्या पावसात एकट्या बाईला हे न मागणं फार मोठं आहे. जुनी मात्र माणसं मागते. माझ्याभोवतीची ती माणसं एकेक करून थकली होती, आणि माझी स्वतःची बोटं अजून तेवढी तयार झालेली नाहीत. मी दोन महिने टॅपेट स्वतः लावून बघितले. गाडी चालली, पण बाबा प्रत्येक वेळी मान किंचित वाकडी करून ऐकत राहिले.

विकायची म्हटल्यावर गोव्याहून एक गृहस्थ आले. चोर्ला घाट उतरल्यावर त्यांचं हॉटेल आहे. एक लाख दहा हजार द्यायला तयार, रोख. गाडीभोवती फिरले, क्रोमवर हात फिरवला, फोटो काढले. सुरू करून दाखवू का विचारलं तर म्हणाले, गरज नाही, दारात चौथऱ्यावर बसवणार, वर दिवे सोडणार. बाबा पायरीवर बसून बघत होते. त्यांना बोलणं ऐकू आलं नसेल, पण किकला कुणी हात लावला नाही हे त्यांनी बघितलं. ते गेल्यावर म्हणाले, "माझ्यासाठी ठेवू नको. पण त्यालाही देऊ नको."

मग चाचांनीच एक पोरगा पाठवला. मच्छ्याचा, चोवीस-पंचवीसचा, फौंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतून निघालेल्या बिडाच्या कडा ग्राइंडरनं साफ करायचं काम. दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी चाचांकडं फुकट राबत होता. आला, चपला बाहेर काढल्या, मला "अक्का" म्हणाला, आणि गाडीजवळ जाऊन उभा राहिला. बाबांनी काही विचारलं नाही. मी किक मारली, आणि त्यांनी पेटीतून लांब स्क्रूड्रायव्हर काढून त्याच्या हातात दिला.

तो वाकला. मूठ कानामागं टेकवली, डोळे मिटले. आधी हेडवर, मग खाली झाकणाजवळ, मग परत वर. बोळातून दोन स्कूटर गेल्या तरी हलला नाही.

"एक्झॉस्टचा टॅपेट बोलालाय, काका. जरासाच."

बाबांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. त्यांनी आतून पाने आणायला सांगितलं, गाडी बंद करून निवायला तासभर ठेवली, त्या तासात पोराला दोन वेळा चहा पाजला, आणि मग झाकण काढून म्हणाले, "बघ."

त्याच्या नखांत काळी पूड होती. रॉड फिरवून त्यानं नट पाव फेरा सैल केला, परत फिरवला, परत एक केसभर. मग बाबांनी स्वतः बोटं घातली. बराच वेळ फिरवत राहिले. झाकण त्यांनीच बसवलं.

साठ हजार ठरले, तीन हप्त्यांत. नोंदणीचं नूतनीकरण आणि नावावर करणं आम्ही दोघांनी मिळून केलं. पार्ट्सचा डबा, जुने जेट, एक राखून ठेवलेला क्लच केबल, आणि किक मारताना मी वापरायचे ते जाड तळाचे बूटही मी देणार होते, पण त्याचा पाय मोठा निघाला. गेल्या खंडेनवमीला बाबांनी गाडीला घातलेली झेंडूची वाळकी माळ हँडलला तशीच होती. ती काढू का, असं त्यानं विचारलं. राहू दे म्हटलं.

नवी गाडी मी घेतली. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलेला, त्यानं हप्ता थोडा खाली बसला. काळी, दोन्ही चाकांना डिस्कवाली. पहिले पंधरा दिवस शाळेला जाताना मी तोंडानं "डावा ब्रेक नाही, डावा ब्रेक नाही" असं म्हणत होते. आता पाय शिकले. आईला ती आवडते, मागं बसून ती माझ्याशी बोलते, आणि तिचं बोलणं मला ऐकू येतं. जुनीवर आम्ही अकरा वर्षं एकमेकींशी बोललोच नव्हतो. परवा तिनं किणयेपासून पिरनवाडीपर्यंत तिच्या माहेरच्या एका भांडणाची गोष्ट सांगितली, जी मी आजवर कधी ऐकली नव्हती.

बाबांना मात्र ही गाडी ऐकू येत नाही. पहिल्या संध्याकाळी मी बोळात आले, स्टँड लावला, हेल्मेट काढलं, तरी ते पाठमोरे पेपर वाचत बसलेले. खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकले. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी कोपऱ्यावर हॉर्न देऊन बघितला. तो बारीक, उंच, त्यांच्यासाठी नसल्यासारखाच.

तिसऱ्या दिवशी वळले तेव्हा दिवा लावायची वेळ झाली होती. बाबा पायरीवर नव्हते. त्यांनी खुर्ची बाहेर आणली होती आणि फिरवून रस्त्याकडं तोंड करून ठेवली होती. पेपर मांडीवर घडी घातलेला. माझ्या गाडीचा पांढरा उजेड भिंतीवरून त्यांच्या तोंडावर आला, त्यांनी डोळ्यांवर हात आडवा धरला, आणि आत बघून ओरडले, "आली बघ."